कासऱ्याचं दुसरं टोक

मी एक जुना कासरा आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी बैल नाहीत, त्यांच्यासाठी आधी एक गोष्ट सांगतो. ज्या दोरीनं जनावर खुंट्याला बांधतात ते दावं आणि ज्या दोरीनं त्याला सोबत चालवत नेतात तो कासरा. दिसायला आम्ही जवळजवळ सारखेच. फरक फक्त दुसऱ्या टोकाचा. दाव्याचं दुसरं टोक खुंट्याला असतं, कासऱ्याचं माणसाच्या हातात. हल्ली मी त्या टोकाकडे संशयानंच बघतो.

मला पेठ वडगावच्या बाजारात पिराजी नावाच्या कारागिरानं वळलं. तीन पदर, पांढरं सूत, घट्ट पीळ. "बैल दमंल, पर ह्यो कासरा दमायचा न्हाय," असं ते गिऱ्हाइकांना सांगत. मी मात्र बैलापर्यंत पोचलोच नाही. अकरा वर्षांपूर्वी कोल्हापूरचे पार्श्वनाथ आण्णा बाजारात आले. तेव्हा ते शाळेत भूगोल शिकवत. त्यांच्या घरी काळं, काडीसारख्या शेपटीचं कुत्रीचं पिल्लू आलं होतं, त्याचं नाव लवंग. तिच्यासाठी आण्णांनी चामड्याचा पट्टा नेला, तर त्यांच्या पत्नी राजमतीबाईंनी तो उंबऱ्याबाहेरच अडवला. जैनांचं घर ते.

"एका जिवाला फिरवायला दुसऱ्याचं कातडं कशाला?" त्या म्हणाल्या.

म्हणून आण्णा सुती दोर शोधत वडगावला आले. बैलाचा कासरा लवंगेला फार लांब झाला असता, म्हणून पिराजींनी माझा तेवढाच तुकडा तोडून दिला. पुढे आण्णांच्या मुलीनं, रोहिणीनं, मला फूटपट्टीनं मोजलं. एकशे साठ सेंटीमीटर.

दहा वर्षं मी राजमतीबाईंच्या हातात होतो. सकाळी रंकाळा, संध्याकाळी गल्लीचं टोक. दर रविवारी त्या मला रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या आणि सावलीत वाळवायच्या. "बैलाचा कासरा कुत्रीला बांधलाय बघा," म्हणून लोक हसत, पण माझा पीळ बघून कारागिराचा पत्ताही विचारत. त्या काळात मला कुणाचा संशय येत नव्हता.

मग मागच्या वर्षी राजमतीबाई गेल्या. मी दारामागच्या खिळ्यावर आलो. लवंग म्हातारी झाली, तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आला. घरात एकटी ठेवली की ती असा गळा काढायची की शेजारी दार वाजवत. आण्णांनी बाहेर जाणंच सोडलं. ते सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. त्यामुळे रोज सहाच्या सुमारास ओट्यापाशी उभ्यानंच दूध-भाकरी खायचे आणि दार लावून घ्यायचे.

रोहिणी रसायनशास्त्र शिकलेली. तिला नाशिकच्या एका प्रयोगशाळेत नोकरी लागली आणि सोमवारी निघायचं ठरलं. आदल्या आठवड्यात ती म्हणाली, "आण्णा, तुम्ही दिवसभर कुणाशी बोलत नाही."

"लवंगशी बोलतो की."

"ती उत्तर देते का?"

"तुझ्यापेक्षा कमी देते. म्हणून बरं वाटतं."

रोहिणी हसली नाही. "रविवारपर्यंत लवंगसकट तुम्हाला रोज जेवायला बसू देईल अशी एक जागा शोधते. नाही मिळाली, तर जिनेशदादा तिला वडगावला गोठ्यावर नेईल. मग तुम्ही तरी घराबाहेर पडाल."

जिनेश म्हणजे आण्णांचा पुतण्या. तो फोनवरच होता. "पाठवा की काका," त्याचा आवाज खोलीभर घुमला. "गोठ्यात एक खुंटा मोकळाच हाय."

मित्रांनो, खुंटा हा शब्द मी खिळ्यावर लटकून ऐकला. आण्णांनी लवंगेच्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ उचलला नाही.

रोहिणीनं वही घेतली. जागेचं नाव, घरापासूनचं अंतर, स्वयंपाक किती वाजता सुरू होतो, कुत्रं चालतं का, असे रकाने आखले. नेटवरून आणि ओळखीच्यांकडून चौदा नावं जमवली आणि प्रत्येक ठिकाणी फोन करून त्याच शब्दांत एकच प्रश्न विचारला, "आमच्यासोबत कुत्रं असेल, चालेल का?"

"चालतंय की! या की पावणं!" पलीकडून उत्तर यायचं.

एका ठिकाणी कुणी फोन उचलला नाही. शाहूपुरीतल्या तानाबाईंच्या खानावळीतून "न्हाय" आलं आणि फोन बंद झाला. तिथं रोहिणीनं लाल फुली मारली. बाकी बारा ठिकाणी "चालतंय की".

"चौदापैकी बारा, आण्णा! गाव चांगलं आहे आपलं."

मला मात्र तेव्हाच शंका आली. बारा माणसं, एकालाही कुत्रं केवढं आहे, चावतं का, हे विचारावंसं वाटलं नाही. इतक्या पटकन हो म्हणणाऱ्यानं प्रश्न ऐकला तरी होता का?

मंगळवारी आम्ही ताराबाई पार्कातल्या एका कॅफेत गेलो. दारावर कुत्र्याचं पाऊल रंगवलं होतं. मालक धावत आला. "कसली गोड हाय हो!" त्यानं लवंगेसोबत स्वतःचा फोटो काढला, दोनदा. मग खुर्ची मागे ओढता ओढता म्हणाला, "हिला तेवढं भाईर बांधता काय? खांब हाय की तितं."

बुधवारी एका लॉजच्या बागेतल्या हॉटेलात व्यवस्थापक म्हणाला, "कुत्र्याला चालतंय की साहेब. पार्किंगात." गुरुवारी मिठाईच्या दुकानात आम्हाला आत घेतलं, पण शोकेसजवळ पोचेपर्यंत मागच्या दारानं बाहेर काढलं. तिथंही खांब होता. विजेचा. प्रत्येक ठिकाणी आण्णा माझ्याकडे बघायचे, मग खांबाकडे, आणि न खाता उठायचे. मला एकदाही त्यांनी बांधलं नाही. पण घरी येईपर्यंत सूर्य मावळलेला असायचा. त्या आठवड्यात ते तीन रात्री उपाशी झोपले.

या दिवसांत मी एक निरीक्षण केलं. माणूस "या की" म्हणतो तेव्हा त्याचे डोळे बघावेत. ते कुत्र्याच्या आधी खांब शोधतात.

अशी दहा ठिकाणं झाल्यावर शुक्रवारी रोहिणीनं वही मिटली. "प्रश्नच चुकला माझा. 'चालेल का' विचारलं, तर कोल्हापुरात नाही कोण म्हणणार?"

"येणाऱ्याला तोंडावर नाही म्हणायची लाज वाटते माणसांना," आण्णा म्हणाले. "मग खांब दाखवतात."

शनिवारी शेवटची दोन ठिकाणं उरली होती. नेटवर पाचची वेळ होती, पण दोन्ही सातला उघडणारी निघाली. सूर्यास्त सहा एकतीसला होता, रोहिणीच्या वहीत तसं लिहिलेलं होतं. पाच पन्नास झाले. लवंग थकून रस्त्यातच बसली. आसपास चूल पेटलेली एकच जागा दिसत होती, लाल फुलीवाली. गूळ बाजारातले हमाल लवकर जेवतात, म्हणून ती खानावळ चारपासूनच चालू असते.

तानाबाई पदर खोचून दारात आल्या. "फोनवर न्हाय म्हणलं हुतं की."

"हो," रोहिणी म्हणाली. "पण आण्णांना सूर्य मावळायच्या आत जेवायचं असतं. फक्त त्यांना वाढा. मी कुत्रीला घेऊन रस्त्यावर थांबते."

तानाबाईंनी आण्णांकडे बघितलं, मग लवंगेकडे. खांबाकडे नाही. मी नीट बघत होतो. "न्हाय का म्हणलं सांगू? माझा रोजचा मानूस हाय, गुंडू. एवढा थोरला हमाल, पर कुत्र्याला लई भितोय. ल्हानपणी पोटरी फोडलीया त्याची कुत्र्यानं. तुमच्यासाठी त्येला उपाशी उठवू व्हय?"

"नको, नको," आण्णा म्हणाले आणि वळले.

"आवो थांबा की! त्यो सातला येतोय. चावती का ही?"

"नाही."

"विंजेक्शनं?"

रोहिणीनं कागद दाखवला. तानाबाईंनी तो तारखेसकट वाचून घेतला.

"आनि दोरी कुनाच्या हातात ऱ्हानार?"

मित्रांनो, त्या आठवड्यात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. रोहिणीच्या वहीत त्याचा रकानाही नव्हता.

"माझ्या," आण्णा म्हणाले.

"मग बसा. खांबाला बांधनार असला तर न्हाय. बांधलेलं जनावर केकाटतंय आनि जेवनारा अर्धपोटी उठतोय. सातच्या आत उठायचं पर."

तरी माझा विश्वास बसला नाही. दारापासून सात पावलांवर सिमेंटचा खांब होताच. आण्णांनी मला डाव्या हाताला दोन वेढे दिले आणि उजव्या हातानं भाकरी मोडू लागले. एका हातानं भाकरी मोडेना. तानाबाई लांबून बघत होत्या. त्या तरातरा चालत आल्या. मी म्हटलं, झालं, आता खांब.

त्यांनी आण्णांच्या ताटातली भाकरी उचलली, चार तुकडे केले, परत ठेवले आणि गेल्या.

रोहिणीनं वही काढली. लाल फुली खोडण्याऐवजी तिच्याशेजारी एक नवा रकाना आखला, पण त्यात काय लिहिलं ते मला दिसलं नाही. रविवारी जिनेश टेम्पो घेऊन आला. आण्णा दारातच म्हणाले, "चहा घे आणि जा. तुझा खुंटा मोकळाच राहू दे." सोमवारी रोहिणी नाशिकला गेली.

तेव्हापासून आम्ही रोज पाचला खानावळीत जातो. आण्णा हमालांशी पावसाविषयी वाद घालतात, त्यांना नकाशातले डोंगर सांगतात. मी मात्र रोज त्या खांबावर नजर ठेवून असतो.

एकदा सव्वासहालाच गुंडू आला. दार भरून जाईल एवढा माणूस लवंगेला बघून जागीच थिजला. तानाबाई आत होत्या. आण्णांचं जेवण झालं होतं, हात धुवायला मागे जायचं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, गुंडूच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि उठून खांबाकडे निघाले. एक पाऊल, दोन, तीन. त्यांचा दोष नव्हता. समोरचा माणूस खरंच भीत होता. चौथ्या पावलाला मी मनातल्या मनात दावं झालो.

"आण्णा, खांबाला नगा बांधू," गुंडू म्हणाला. "म्हातारी हाय ती."

"मग काय करू?"

"द्या हिकडं. लांबनंच धरतो."

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि हात तेवढा पुढे केला. आण्णांनी माझं टोक त्याच्या मुठीत दिलं. मी पुरा ताणला गेलो, एकशे साठच्या एकशे साठ सेंटीमीटर. त्यानं मूठ घट्ट आवळली. ते आवळणं माझ्या पिळातून लवंगेच्या गळ्यापर्यंत गेलं असावं, कारण ती हळूच खाली बसली आणि आण्णा परत येईपर्यंत हलली नाही.

मित्रांनो, तुमच्या दारात कुणी जनावर घेऊन आलं आणि तुम्हाला ते नको असेल, तर सरळ नाही म्हणा. त्याचं कारणही सांगा. पण हसून "या की" म्हणून खांब दाखवू नका. आणि तुम्ही स्वतः जनावर घेऊन कुठे गेलात, तर दोरी आपल्या हातात ठेवा. मला अजूनही रविवारी धुतात, आता आण्णा धुतात, रिठा जरा जास्तच घालतात.

माझा संशय मात्र गेलेला नाही. तो खांब अजून सात पावलांवरच उभा आहे. त्याची आणि माझी ओळख अजून झालेली नाही.