इहिरीतलं जपानी अळू

पलटनीत मी हवालदार सयाजी व्हतो. गावात आता मला "जपानी अळू" म्हनत्यात. शेंबडी पोरं सुदिक भाजीच्या नावानं हाका मारत्यात, आन मी वळून बघतो!

लढाई संपल्यावर आमची पलटन जपानात नेली. तिथं एका म्हातारीच्या दारात, सावलीला, अळवागत रुंद पानांचं एक झाड बघितलं. निळसर हिरवा रंग आन शिरा अशा, की कुनी बोटानं वढल्यात. म्हातारीनं त्याचा एक गड्डा काढून दिला. बाकीच्या गड्यांनी घरी रेशमी रुमाल आनलं, घड्याळं आनली. मी पायमोज्यात चिखल भरून आनला. आमच्या बायकूनं, मनुबाईनं, पेटी उपसली आन इचारलं, "ह्याला येतं काय?"

"पानं."

"खायाची?"

"बघायची."

ती कपाळावर हात मारून आत गेली. समद्या कडेगावानं मला तेवढंच इचारलं.

झाड जगलं, पर आमच्या उन्हात कसलं धरतंय? दुसऱ्या साली पानं बारकी निघाली, कडा करपल्या. मी रडकुंडीला आलो. रडायचं तरी कुनापाशी? गावात उसावर बोला, बैलावर बोला, रातभर ऐकत्याल. नुसत्या पानावर बोलायला एक मानूस मिळंल तर शपथ.

तशात सांगलीच्या बाजारात हळद घालायला गेलो. पेठंमागं एका अंगनात पाच जन एका कुंडीभवती बसून भांडत व्हते. लालासाहेब वकील, एक डॉक्टर, एक मास्तर, एक शिंपी आन हळदीची पोती वाहनारा गुंडा हमाल, समदे एकाच सतरंजीवर. भांडान कशावरनं, तर पानावरल्या डागावरनं! मी बैलं सोडली आन जाऊन बसलो. माहेरचं मानूस भेटल्यागत झालं बघा. मी माझ्या झाडाची समदी कथा सांगितली, तसं डॉक्टरांनी पुस्तक चाळून त्याचं नाव होस्टा असं सांगितलं. म्हनाले, "थंड मुलखातलं झाड आहे. गारव्यात ठेवा." लालासाहेब म्हनाले, "आमच्या मंडळात यायचं तर आधी आम्ही तुमची बाग बघणार. मग ठरवू."

माझी बाग म्हंजी एक कुंडी. पर त्या सतरंजीवर बसायचा लय जीव झाला व्हता. कडेगावात गारवा कुठला आनायचा? इहिरीत! कुंडी शिंक्यात घातली आन दोरीनं आत टांगली. बायका पानी भरताना तोंडाला पदर लावून हसायच्या. हसंनात का. पावसाळ्याच्या आत पान तळहातापेक्षा मोठं झालं.

पाव्हनं ऐतवारी यायचं ठरलं. शान्या मानसानं कुंडी जिथल्या तिथं ऱ्हाऊ दिली असती. मी पडलो हवालदार. पाव्हन्यांना काठावरनं झटक्यात दिसावी म्हनून ती मोटंच्या बाजूला सरकवली. आन मागं ऊस कसा हिरवागार, धुतल्यागत दिसावा म्हनून सकाळी सोता मोट धरली. गानं म्हनत बैलं हाकत व्हतो. मोट वर येताना कशात तरी अडकली, खाडकन आवाज झाला, आन मी आपला बैलांनाच शाबासकी देतोय! वरनं आनखी कितीतरी मोटा हानल्या.

पाव्हनं आलं तवा इहिरीत नुसतं फाटकं शिंकं लोंबत व्हतं.

शेळीनं खाल्लं म्हनावं, असं मनात आलं. पर तोंडातनं खरंच निघालं. "मीच मारलं वो त्याला. माझ्याच मोटंनं." लढाईत डोळ्याला पानी न्हाई आन पानासाठी रडतोय! माझा चुलतभाऊ ज्ञानू बांधावर बसून पोट धरून हसाय लागला.

लालासाहेबांनी कोट काढला. "गड्डा मोटेत आला असेल का?"

"आला आसंल."

"मोटेचं पाणी गेलं कुठं?"

"उसात."

झालं! वकिलांनी धोतर खोचलं, डॉक्टरांनी बूट काढलं, आन आमी समदे पाटाच्या चिखलात गुडघ्यावर. उसाची पात गालावर चरचरत व्हती. गुंडा वरडायचा, "घावलं रं!" समदी धावायची, आन निघायचं हराळीचं मूळ. दुपार टळली तवा मास्तरांच्या हाताला लागलं. अर्धाच गड्डा, पर त्याला कोंब व्हता. मास्तर चिखलात नाचलं. लगीच भांडान सुरू झालं, आता वाळूत लावायचं का राखंत?

"सयाजीराव, बोला की!" लालासाहेब माझ्यावर खेकसले. "मंडळातला माणूस असा गप्प बसत नसतो!"

मी चिखलाच्या हातानं डोळं पुसत व्हतो, आन पुसंल तसं जास्तच चुरचुरत व्हतं.

तेवढ्यात मनुबाई भाकरी घेऊन आली. बांधावर उभी ऱ्हाऊन तिनं चिखलातली आमची सहा सोंगं निरखून बघितली. पाटी खाली ठेवली.

"आवं," ती म्हनाली, "मला वाटायचं माझ्या एकटीचंच नशीब फुटलंय. ह्यांच्या बायका कुठं ऱ्हात्यात तेवढं इचारून ठेवा. मला बी एक मंडळ काढायचंय."