मोहाखाली सापडलेला पंजा

मित्रांनो, मी एक जुना पंजा आहे. वाघाचा नव्हे, लोखंडाचा. लांब दांडा आणि पुढे वाकलेले सात दात असलेला, पालापाचोळा ओढायचा पंजा. अंगावर गंज चढलाय, एक दात तिरपा झालाय, आणि मनात एक राग आहे. तो अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

अंजनगाव सुर्जीच्या एका लोहाराने मला घडवलं. भट्टीत लाल केलं, घणाखाली ठोकलं, पाण्यात चर्र करून बुडवलं. आगीशी माझी ओळख अशी जन्मापासूनची. पण तिथे ती लोहाराचं ऐकायची. चंदाच्या वडिलांनी मला बाजारातून घेतलं आणि लेकीच्या हाती दिलं. म्हणाले, "जंगलाच्या काठाले राह्यतं माय. घराभोवती पाला ठेवू नको."

चंदाची वस्ती अकोटच्या वर, जिथे काळी जमीन संपते आणि मेळघाटचे डोंगर चढू लागतात तिथे. पंधरा-वीस घरं. नवरा गोपाल अकोटच्या जिनिंगमध्ये कामाला, सकाळच्या एसटीने जायचा. फाल्गुनात सागाची पानं पापडासारखी वाळून दारापर्यंत उडत यायची. तान्ह्या आचलला पाठीशी बांधून चंदा मला ओढायची. खर्र, खर्र. त्या आवाजावर पोरगी झोपी जायची. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस तेच.

एका सकाळी शेजारचे नत्थुजी मला मागून घेऊन गेले. घरांच्या वरच्या बांधावर त्यांचं मोहाचं झाड. मोहाची फुलं पहाटे गळतात आणि खाली पाला असला की दिसत नाहीत, म्हणून झाडाखालची जागा लख्ख करावी लागते. नत्थुजींनी मला अर्ध्या घेराइतकं ओढलं, मग कंबरेवर हात ठेवून उभे राहिले.

"कोन ओढत बसते बाप्पा एवढं!"

त्यांनी मला खोडाला टेकवलं आणि बंडीच्या खिशातून काडीपेटी काढली. मी ओरडलो असतो, मित्रांनो. पण मला सात दात असले तरी जीभ नाही.

वारा फिरला. माझा दांडा पेटला. पडता पडता एवढंच दिसलं, की आग उतारावरून चंदाच्या घराकडे निघाली आहे.

पुढचं मला नंतर ऐकायला मिळालं. चंदाच्या घराला तुराट्यांचा, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांचा कुड होता आणि त्याला लागूनच चुलीसाठी पऱ्हाटी रचलेली, जशी तिकडे सगळेच रचतात. वाळलेली कपाशीची झाडं ती, आगीला आयतं जेवण. चंदा आचलला छातीशी धरून धावत सुटली. खुंट्याची बकरी सोडायला वेळ मिळाला नाही.

संध्याकाळी लोक जमले तेव्हा नत्थुजी म्हणाले, "वरून आली आग. जंगलातून." आणि चंदाला म्हणाले, "तुहा पंजा तर म्या लवकरच तुह्या आंगणात आणून ठेवला होता. घरासंगं गेला असन."

त्यांच्या बायकोने, पार्बताबाईने, चंदाच्या कुटुंबाला घरी नेलं. आपलं लुगडं फाडून आचलला झोळी बांधून दिली. दीड महिना चंदा त्या ओसरीवर राहिली आणि दीड महिना नत्थुजी तिच्यासमोर मान खाली घालून जेवले. मी मोहाखाली राखेत पडून होतो; तिकडे ते फिरकलेच नाहीत.

सरपण वेचायला आलेल्या चंदाला माझे दात दिसले. तिरप्या दाताने ओळख पटली. तिने मला उचललं. काळं पडलेलं खोड पाहिलं. मग उतार. मग उताराच्या टोकाला तिच्या घराची राख. ती रडली नाही. त्याच दिवशी पार्बताबाईची ओसरी सोडून ती आपल्या जागेवर चार पत्र्यांखाली राहायला गेली. कोणाला काही बोलली नाही. मला धावड्याच्या लाकडाचा नवा दांडा बसवला. मला वाटलं, आता आपली पाळी!

पुढच्या फाल्गुनात तिने घराभोवती पंधरा हात रुंद पट्टा ओढला, काळी माती दिसेपर्यंत. पऱ्हाटी दूर नेऊन टाकली. तिचं पाहून शेजारपाजारच्यांनीही आपापले पट्टे ओढले. नत्थुजींच्या कुंपणापाशी मात्र चंदा थांबली.

पार्बताबाई आली. "चंदे, आमच्याकडून बी ओढ न व दोन हात. याइची कंबर धरली."

"काकाजीले सांगा काकू, माहा पंजा घरासंगं जळाला."

"अन् मंग हातात काय आहे तुह्या?"

"हा दुसरा."

पार्बताबाईला कळलं नाही. मला कळलं, आणि माझ्या लोखंडाला गोड वाटलं.

चैत्रात भर दुपारी डोंगराच्या धारेवर धूर दिसला. लोक हिरव्या फांद्या तोडून धावले. आग उतरत आली, मोकळ्या पट्ट्यांशी अडली, आणि वळून नत्थुजींच्या बाजूला निघाली. तिथे गुडघाभर पाला होता आणि भिंतीला पऱ्हाटीचा ढीग.

नत्थुजी धापा टाकत आले. "चंदा, पंजा दे!"

"कोनता?"

"हाच न, तुह्या हातातला!"

"तो तर मागच्या साली जळाला न काकाजी. तुमीच म्हनलं होतं." तिने मूठ आवळली. "मोहाखाली सापडला मले. आग कोठून आली होती? सांगा या सगळ्याइच्या समोर."

"इथं घर पेटून राहिलं अन् तू..."

"माहं पेटलं तवा मी बी अशीच बोंबलत होती. सांगा."

देऊ नको, मी मनात म्हणत होतो. देऊ नको! आग बांधावर आली. नत्थुजींच्या गोठ्याचं छप्पर तडतडू लागलं. पार्बताबाई बैल सोडून धावत आली आणि नवऱ्यावर ओरडली, "काय असन ते सांगून टाका न! काहून उभे आहा?"

नत्थुजींचा आवाज फुटला. "म्या लावली. मोहाखाली काडी म्या लावली."

पार्बताबाईने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि चंदाच्या पाठीवरच्या आचलला घ्यायला हात पुढे केले. चंदाने पोरगी त्या हातांत दिली. मला मात्र नत्थुजींना दिलं नाही. ती स्वतः धुरात शिरली. आधी भिंतीजवळची पऱ्हाटी ओढली, मग पाला. बाकीचे फांद्यांनी झोडपत राहिले.

घर वाचलं. गोठा गेला. खरं बोलायला नत्थुजींना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात गेला. मला वाईट वाटलं नाही, मित्रांनो. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?

आता दर फाल्गुनात अख्ख्या वस्तीचा पट्टा नत्थुजींनी ओढायचा, असं ठरलं आहे. त्यांची काडीपेटी पार्बताबाईच्या कमरेला असते. मी मुद्दाम मुळांत अडकतो. त्यांच्या तळहाताला फोड येतात, ते मला कळतं, आणि तरीही मी अडकतो.

तुमचं घर जंगलाच्या काठाला असेल तर भिंतीला पऱ्हाटी लावू नका. छपरावर पाला साचू देऊ नका. मोहाखाली ओढताना कंटाळा आला तर घरी जा, पाणी प्या, दुसऱ्या दिवशी या. पण काडी ओढू नका. आणि चुकून ओढलीच, तर लगेच हाक मारा, खरं सांगा. उशिरा सांगितलेलं खरं मी पाहिलंय, त्याची किंमत मुकी जनावरं आणि तान्ही लेकरं भरतात.

परवा नत्थुजी माझ्या दांड्यावर हनुवटी टेकवून उभे होते. म्हणाले, "चंदा, दोन सालं झाले आता. किती दिवस मनात ठेवशीन व?"

चंदाने आचलच्या तोंडावरचं ऊन पदराने अडवलं आणि पट्ट्यावरून नजर फिरवली.

"त्या कोपऱ्यातला पाला राह्यला, काकाजी."