एकोणीस भांडी

आईला समुद्रातल्या बेटावर न्यायला मला चार वर्षं लागली, आणि तेही शेवटी एक खोटं बोलून जमलं.

धारवाडला सप्तापुरात आमच्या गल्लीत नळाला आठव्या दिवशी पाणी येतं. हल्ली तो दिवस बुधवार आहे. मी दहावीत होते तेव्हा आई एका मुंजीला बेळगावला गेली आणि नेमकं त्याच दिवशी पाणी येऊन गेलं. पुढचे आठ दिवस ती शेजारच्या चार घरांतून कळशी कळशी मागून आणत होती. नाही कुणीच म्हटलं नाही. पण तिसऱ्या दिवसापासून एक बाई दार उघडताना आधी कळशीकडे बघायची, मग आईकडे. त्यानंतर पाण्याच्या दिवशी आई घराबाहेर राहिल्याचं मला आठवत नाही. अप्पा गेल्यावर ती घरात एकटीच असते, तरी नेम तोच.

"मंगळवारी संध्याकाळी मला माझ्या घरात सोडायचं," ती म्हणाली. "मग येते."

"हो," मी म्हणाले. बेटावरचा मुक्काम गुरुवारपर्यंत ठरवलेला होता. बुधवारचं पाणी भरायला शेजारच्या यमुनाकाकूंना मी किल्लीही देऊन ठेवली होती. आईला एकदा समुद्र आवडू दे, मग सांगू, असा माझा विचार होता. एकदा, फक्त एकदा, तिनं एक अख्खा आठवडा भांड्यांचा विचार न करता काढावा, एवढंच मला हवं होतं. ती बहात्तर वर्षांची आहे.

शनिवारी दुपारी आम्ही होन्नावरजवळच्या धक्क्यावर गाडी लावली आणि होडीनं बेटावर उतरलो. आई, मी, माझा नवरा सुमंत आणि बारा वर्षांची स्मृती. बेट एवढंसंच. माडांची बाग, एका बाजूला काळे खडक, दुसरीकडे पांढरी वाळू, आणि दोनच घरं. एक सुशीला आणि तिचा नवरा मंजुनाथ यांचं. दुसरं पाहुण्यांसाठी, म्हणजे आमचं. मधे दोघांची मिळून एक विहीर.

सुशीलानं पहिल्याच दिवशी मला विहीर दाखवली आणि कन्नडमध्ये नीट समजावलं. मोटर सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. उन्हाळा आहे, त्याहून जास्त नाही. मी मान डोलावली. बेटाखाली सगळं समुद्राचं पाणी असतं आणि त्याच्यावर पावसाचं गोडं पाणी हलकं म्हणून तरंगत राहतं. वरून फार उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून सांगितलेलं आहे. आईला सांगायचं राहिलं.

रविवारी सकाळी मोटरच्या आवाजानं जाग आली. घड्याळात सव्वासहा झाले होते. मी बाहेर आले तर आई पदर खोचून, हातात पाइप धरून उभी, आणि अंगणात भांड्यांची रांग.

"आई, काय करायलीस?"

"पाणी यायलंय ग! धार बघ केवढी. उठव की त्या पोरीला, हाताखाली घे."

स्मृती डोळे चोळत आली. "आजी, आपण सुट्टीला आलोय."

"सुट्टीत तहान लागत नाही होय?"

मोरीतला हौद भरला होता. निळं पिंप भरलं होतं. बादल्या, पातेली, कुकर, चहाचा थर्मास, स्मृतीची पाण्याची बाटली, सगळं काठोकाठ. भांडं बदलताना वाया नको म्हणून धार माडाच्या आळ्यात सोडलेली.

"किती वेळ चाललंय हे?"

"पाचला लावली मोटर. जाईल आता इतक्यात."

तेवढ्यात सुशीला बागेतून पळत आली. "अम्मा, साकु! साकु!" म्हणजे पुरे, पुरे. तिनं आधी बटण बंद केलं, मग पाइपातलं उरलेलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडात घातलं आणि थुंकलं.

"उप्पु," ती म्हणाली. मीठ.

आई पाइप हातात धरूनच उभी राहिली. सुशीला चिडली नाही, आणि त्यामुळेच जास्त वाईट वाटलं. ती एवढंच म्हणाली की आता दोन-तीन दिवस विहिरीला हात लावायचा नाही. स्वस्थ पडू दिली की गोडं पाणी पुन्हा वर येतं. पिण्याचं मंजुनाथ होडीतून आणेल. कुठलेही पाहुणे आले की ती सांगते तसंच आम्हाला सांगितलं होतं, असंही ती माझ्याकडे बघून म्हणाली.

"माझी चूक आहे," मी म्हणाले. "मी आईला सांगितलं नव्हतं."

आई पायरीवर बसली. "मला वाटलं, जाईल आपोआप," ती हळूच म्हणाली. "आपल्याकडे जातंच की."

खरंच होतं. बहात्तर वर्षांत तिनं येणारं पाणी स्वतःहून कधी बंद केलेलं नव्हतं. ते आपणच जायचं, आणि तिला त्याच्या आधी सगळं उरकावं लागायचं.

थोड्या वेळानं ती उठून आत गेली आणि साड्यांच्या घड्या पिशवीत भरू लागली. "सुमंतला सांग, आजच निघू. दुसऱ्याच्या घरचं पाणी नासवून इथं कशी राहू? ती बाई उद्या दार उघडून माझ्याकडे कशी बघेल?"

समजावणं मला फारसं जमत नाही. मी चमचा घेतला आणि अंगणात गेले.

"आई, जरा ये. हे कुठल्या क्रमानं भरलंस ते सांग."

"कशाला?"

"सांग ना."

तिला सगळं पाठ होतं. आधी हौद, मग पिंप, मग दोन बादल्या, मग मोठं पातेलं. एकोणीस भांडी. मी एकेकातून चमचाभर चाखत गेले. पहिली दहा स्वच्छ गोड. सोळावं खारट होतं हे मलाही कळलं. मधल्या पाचांमध्ये मला काही सांगता येईना.

"आण इकडे," आई म्हणाली. तिनं आठवड्याच्या तळाचं पाणी, टँकरचं पाणी, बोअरचं पाणी अशी सगळी पाणी ओळखलेली आहेत. तिनं डोळे मिटून अकरावं चाखलं, बारावं चाखलं, पुन्हा अकरावं चाखलं. तेरावं होतं कुकरचं. त्यातलं जिभेवर ठेवताच तिनं डोळे उघडले.

"हे बिघडलंय. बाराव्यापर्यंत चांगलं आहे." तिनं कुकरच्या काठाला बोट लावलं. "म्हणजे इथं थांबायला पाहिजे होतं."

"हो."

"एवढं नेमकं कळतं होय?"

"आज कळलं. तू ओळीनं भरलंस म्हणून."

तिनं बोटानं ती रांग पुन्हा मोजली. मग तिच्या चेहऱ्यावर तो नेहमीचा, बुधवारच्या सकाळचा भाव आला. तिनं सुशीलाला हाक मारली आणि कन्नडमध्ये हिशेब सांगायला सुरुवात केली. बारा भांड्यांत गोडं पाणी आहे. दोन्ही घरची मिळून सहा माणसं. आंघोळ समुद्रात, वरून फक्त एक तांब्या. भांडी खाऱ्या पाण्यानं घासायची, शेवटचा हात गोड्याचा. तीन दिवस आरामात निघतात. मंजुनाथनं होडी घेऊन हिंडायचं कारण नाही.

सुशीलानं ऐकून घेतलं आणि रांगेकडे बघून हसायला लागली. "अम्मा, यातली चार भांडी माझ्याच पडवीतली आहेत!"

"बाहेर रिकामी ठेवशील तर आणखी काय होणार?" आई म्हणाली. दोघी हसल्या. पिशवी खाटेवर तशीच अर्धी भरलेली राहिली, पण आईनं निघण्याची वेळ विचारली नाही.

त्या दिवसानंतर करण्यासारखं काही उरलंच नाही. विहिरीवर माडाच्या झापांचं झाकण घातलं होतं. आई सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा एक तांब्या पाणी शेंदून चाखायची, सुशीलाला चाखायला द्यायची, आणि दोघी काहीतरी ठरवून मान हलवायच्या. मधला सगळा दिवस मोकळा. सोमवारी दुपारी ती स्मृतीचा हात धरून गुडघाभर पाण्यात उभी राहिली. लाट आली की दोघी ओरडायच्या. आईला ओरडताना मी पहिल्यांदा ऐकलं.

सोमवारी संध्याकाळी ती वाळूत खुर्ची टाकून बसली होती. आता सांगायलाच हवं होतं. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"आई, उद्याचं जरा बोलायचं होतं."

तेवढ्यात होडी ओढून ठेवणारा मंजुनाथ लांबून ओरडला, "अम्मा, उद्या सकाळी सातला ना? साडेआठची बस मिळेल."

मी आईकडे बघितलं. ती समुद्राकडे बघत होती.

"कसली बस?" मी विचारलं.

"हुबळीची. मी एकटी जाणार होते. त्याला परवाच सांगून ठेवलं होतं."

"पण तुला कसं कळलं की आपण उद्या..."

"माझ्या गोळ्यांच्या डबीत गुरुवार सकाळपर्यंतच्या गोळ्या भरल्यास तू. मला मोजता येतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू खोटं बोलताना इतकी अवघडली होतीस ग. म्हटलं कशाला आणखी."

मला हसावं की माफी मागावी कळेना. "मग उद्या जाणार तू?"

"कशी जाऊ? आज संध्याकाळी खारटपणा निम्म्यावर आलाय. सुशीला म्हणते बुधवारपर्यंत उतरेल, मी म्हणते गुरुवार लागेल. बघायला नको होय?" ती खुर्चीतच वळली आणि हात हलवून ओरडली, "नाळे बेड, मंजुनाथ! उद्या नको!"

मंजुनाथनं बरं म्हणून हात केला.

"यमुनेला किल्ली दिलीयस ना?" आईनं विचारलं.

"दिलीय."

"मग भरेल ती." आईनं पाय लांब केले आणि टाचा वाळूत रुतवल्या. "अन् तू जरा सरक. वारा अडवलायस."

मी सरकले आणि तिच्याशेजारी वाळूत बसले.