नागोरावांची साक्ष

नागोराव पुण्याच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत. यंत्रामुळे माणसाचं जगणं कसं बदलतं, यावर त्यांना प्रबंध लिहायचा होता. विभागप्रमुखांनी सांगितलं की हा विषय इंजिनियरांचा, तत्त्वज्ञानाचा नव्हे. नागोरावांनी वाद घातला नाही. एकोणीसशे सहासष्टच्या जूनमध्ये राजीनामा दिला आणि बोईसरजवळच्या एका खडीच्या क्रशरवर हजेरी कारकून म्हणून लागले. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात होतं, खडीला उसंत नव्हती. पत्नी इंदुबाईंनी एवढंच विचारलं, की विचार करायला इतक्या धुळीत कशाला जायचं. ते म्हणाले, यंत्र तिथं आहे म्हणून.

दोन वर्षं त्यांनी हजेरी मांडली आणि वह्या भरल्या. मग एका सकाळी क्रशरच्या पट्ट्यात बन्सीचा हात सापडला. बन्सी नगरकडचा, पट्ट्यावर अडकलेला दगड काढत होता. दोन बोटं गेली.

मालकानं दुसऱ्या दिवशी अहवाल पुढे केला. कामगाराच्या निष्काळजीपणामुळे अपघात, असं त्यात होतं. साक्षीदार म्हणून नागोरावांची सही हवी होती. नागोरावांनी पेन घेतलं आणि खाली लिहिलं: पट्ट्यावरची लोखंडी जाळी आठवड्यापूर्वी मालकांनी काढायला लावली होती, साफ करण्यात वेळ जातो म्हणून. काढताना मी पाहिलं आणि गप्प राहिलो.

मालक वाचून थंडपणे म्हणाला, "मास्तर, तुमची नीती पुस्तकात ठेवा."

"पुस्तकातच ठेवली होती. तोवर बन्सीची बोटं गेली."

त्यांना त्याच दुपारी कामावरून काढलं. ही गोष्ट पाट्या वाहणाऱ्या बायकांपर्यंत पोचली. सकाळी भोंगा झाला तरी कोणी उठेना. मुकादम ओरडत आला, तेव्हा शिरगावची रत्नाबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "जाळी लावा. तवर आमी पाटी उचलणार नाय." बाप्येही तिच्यामागं बसले. मालकानं दमदाटी केली, दुसरी माणसं आणतो म्हणाला. बांधकामावरून खडीसाठी निरोपावर निरोप येत होते. तिसऱ्या दिवशी जाळी लागली. नागोरावांना मात्र परत बोलावलं नाही.

ते पालघरला बिऱ्हाड करून शिकवण्या घेऊ लागले आणि वह्यांचं पुस्तक लिहायला बसले. बन्सीवरचं प्रकरण लिहून झालं, तेव्हा ते माकुणसारला गेले. बन्सी तिथं एका वाडीत पाणी लावायच्या कामाला होता. बांधावर बसून त्यांनी त्याला सगळं वाचून दाखवलं. 'दुर्दैवी बन्सी' असा शब्द आला, तसा बन्सीनं हात वर करून त्यांना थांबवलं.

"दुर्दैव कसलं, सर? जाळी माणसानं काढली व्हती. आन् मी काय मेलो नाय. ते खोडा."

नागोरावांनी शब्द खोडला. मग विचारलं, त्या जागी काय लिहू?

बन्सीनं सरीचं तोंड फोडून पाणी दुसऱ्या सरीत वळवलं. "निस्तं बन्सी लिवा," तो म्हणाला. "आन् जाळी कोनी काढली, त्याचं नाव घाला."

नागोरावांनी मालकाचं नाव लिहिलं, आणि त्याखाली स्वतःचं.