मरणाचं टार्गेट

ऋता सतरा वर्षांची. तिनं कादंबरी लिहायला घेतली तेव्हा घरात फार कौतुक झालं, कारण ती कुणी वाचली नव्हती.

कादंबरी पुढच्या शतकातली. सरकारनं प्रत्येक जिल्ह्याला मरणाचं टार्गेट दिलेलं, आणि कोणी मरायचं हे रीना नावाची एक मुलगी ठरवते. रीना शिफारस ऐकत नाही. मंत्र्याचा फोन आला तरी उचलत नाही. सगळी कादंबरी या एका गोष्टीवर उभी होती आणि रविवारी संध्याकाळपर्यंत नागपूरच्या स्पर्धेला पाठवायची होती.

चूक एवढीच झाली की बाकीच्या पात्रांना नावं सुचेनात, म्हणून ऋतानं घरातलीच घेतली. वर शनिवारी जेवणानंतर ती मोठ्यानं वाचलीही.

त्यात देवेंद्रकाका वारले होते. काका जन्मभर बदल्यांच्या फायली सांभाळून निवृत्त झालेले. सकाळी चहाआधीच हजर.

"मले काहून मारलं?"

"काका, कहानी की डिमांड होती."

"हौ, समजते. पण ऑर्डर निघाली म्हणजे अंमल होतेच असं नाही, बाई. मले तिकडं जंगलात, बैहरले टाक."

"काका, ट्रान्सफर नाही हे. मौत आहे!"

"तेच तं. बैहर चालन मले."

दुपारी बातमी ऐकून लालबर्र्याहून मंजूआत्या आल्या, सोबत अनारशांचा डबा. "मी मराले भेत नाही," त्या म्हणाल्या. "पण ललिताच्या आधी नको मारू. जाऊ आहे माझी. तिले लई आनंद होईन."

ऋताचे वडील प्रभाकर मात्र तत्त्वाचे. "तू कोणाचंच ऐकू नको," ते म्हणाले. "फक्त माझ्या नावाचं जरा पाहून घे."

ऋतानं काकांना वयामुळे वाचवलं, आत्याला प्रेमापोटी, वडिलांना संस्कार म्हणून. ललिताकाकूंचा फोन आला, त्याही वाचल्या. कारण प्रत्येक वेळी नैतिकच होतं. आता कूलरसमोरची खुर्ची तिला मिळत होती आणि भाजी कोणती करू, हे आई तिला विचारत होती. 'सत्ता माणसाला बिघडवते' हे वाक्य तिनं भाषा जड वाटते म्हणून काढून टाकलं.

संध्याकाळी टार्गेटला एक मरण कमी पडलं.

"आता कोण राह्यलं?" आईनं विचारलं.

"रीना."

"अगं, ते तं चांगली पोरगी आहे!"

"हौ ना," ऋता एकदम म्हणाली. "मग तिच्यासाठी कोणी बोला ना!"

काकांनी चष्मा पुसला. "पण ते आपली कोण लागते?"

ऋतानं पेन उचललं. कुणी एक शब्द बोललं असतं तर तिनं रीनाला नक्की वाचवलं असतं. कुणी बोललं नाही. तिनं शेवटचं पान लिहिलं, वाचून दाखवलं आणि पाठवून दिलं.

आत्यांनी पदरानं डोळे पुसले. "लई मस्त शेवट केला व, पोरी. मले तं रडूच आलं."