उजवी बाजू मोकळी

जपानी पद्धतीनं फुलं मांडायच्या त्या वर्गात नाव माझ्या सुनेनं घातलं होतं, स्वतःचं. सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं आणि तिनं खोलीचं दार लावून घेतलं. "आई, माझ्याऐवजी तुम्हीच जा," म्हणाली. ही मला घराबाहेर काढायची युक्ती आहे, हे न कळण्याइतकी मी दुधखुळी नाही. पण सहा आठवड्यांत ती माझ्याशी बोललेलं सगळ्यात लांब वाक्य तेच होतं, म्हणून गेले.

वर्ग वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायचा. पसरट भांड्यात खिळ्यांची जड चकती, तिच्यावर देठ रोवायचे. एक फांदी उंच, एक कललेली, खाली एक फूल. झालं! आता मी पस्तीस वर्षं बायकांचे कपडे शिवलेले. चिंधीसुद्धा कधी टाकली नाही, उशीत भरली. छाटलेली पानं कचऱ्यात जाताना माझा जीव तुटायचा. मी ती गुपचूप उचलायची आणि जागा दिसेल तिथं खुपसायची. शिकवणाऱ्या बाई यायच्या आणि एकेक उपसून काढायच्या.

"अहो, उजवी बाजू मोकळीच राहू द्या."

"उघडीबोडकी दिसते हो."

"दिसू दे. तुम्ही सगळं भरून टाकलंत तर फांदीनं जायचं कुठं?"

मी फणकारले. पण घरी येताना ते वाक्य डोक्यातून जाईना. सुनेच्या दाराशी उभी राहून मी काय काय खुपसलं होतं: देवाची मर्जी, अजून वय गेलेलं नाही, माझंही पहिलं असंच गेलं होतं, दोन घास खाऊन घे. मुलगा म्हणायचा, "आई, जरा थांब ना." तर मी त्यालाच झापायची. मला माझीच लाज वाटली.

वर्गातली फुलं वर्तमानपत्रात गुंडाळून घरी न्यायची आणि आठवेल तशी पुन्हा मांडायची, हा तिथला नियम. मी जेवणाच्या टेबलावर भांडं ठेवलं, दोन फांद्या लावल्या, फूल लावलं. कागदात पानं उरली होती. हात शिवशिवत होते. शेवटी उठले आणि ती कचऱ्यात टाकून आले.

सून पाणी प्यायला बाहेर आली आणि टेबलापाशी थांबली. माझ्या ओठांवर चार वाक्यं तयार होती. मी जीभ आवरली. ती खुर्ची ओढून बसली. कितीतरी वेळ बघत राहिली, मग बोटानं कललेली फांदी जराशी वर केली.

"मी नाव ठरवलं होतं, आई," ती म्हणाली. "यांनासुद्धा सांगितलं नाही."

'आता कशाला त्रास करून घेतेस' हे अगदी दातांपर्यंत आलं होतं. मी ते गिळलं.

मग तिनं ते नाव सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं. मी नुसती ऐकत बसले.