पिकवणीची पेटी आणि पहिली द्राक्षे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. माझ्याकडे असे कीव आल्यासारखे पाहू नका. फळांच्या दुकानामागच्या अंगणात मी उपडी पडले आहे, ती वयामुळे नाही. मला इथे लाथ मारून टाकले आहे, आणि त्या लाथेचा राग माझ्या फळ्यांतून अजून गेलेला नाही.

हवा आत कोंडून राहावी म्हणून सुताराने मला जाड फळ्यांची आणि घट्ट झाकणाची बनवली. दुकानाच्या मालकाला सगळे दादा म्हणत. तो हिरवीगार केळी, दगडासारखे आंबे, कडक पपया माझ्यात रचायचा आणि मधोमध एक पिकलेले सफरचंद ठेवायचा. पिकलेले फळ एक वायू सोडते. तो शेजाऱ्यांना लागला की त्यांनाही पिकण्याची घाई होते. चार दिवसांनी झाकण उघडले की नुसता घमघमाट!

"माझ्या पेटीत धोंडा ठेवा, तोही पिकेल," दादा गिऱ्हाइकांना सांगायचा. खरे सांगायचे तर मीही फुगले. ती करामत फळांची होती, माझी नव्हती, हे मला तेव्हा कळत नव्हते. आताही सगळे कळते, असे माझे म्हणणे नाही.

दादाच्या धाकट्या बहिणीने गावाबाहेरच्या उतारावर द्राक्षांची बाग लावली होती. तीन वर्षे तिने एकटीने वेली बांधल्या, छाटल्या. यंदा पहिले घड धरले होते. "हे बाईमाणसाचं काम नव्हे," असे दादा चारचौघांत बोलून चुकला होता. द्राक्षे गोड निघाली, तरच त्याचे तोंड बंद होणार होते.

"अजून बारा दिवस लागतील," ती दुकानात येऊन सांगून गेली.

"तोवर बाजार दुसऱ्यांच्या द्राक्षांनी भरेल. तू बस वेलींची तोंडं बघत."

"वेली माझ्या आहेत, दादा. हात लावायचा नाही."

"अगं, हात लावायला वेळ कुणाला आहे इथे!"

दुसऱ्याच दिवशी तिची सासू आजारी पडली आणि ती दवाखान्यात अडकली. दादाला तेवढा वेळ मात्र मिळाला. माणसे नेऊन त्याने सगळी बाग उतरवली. मावतील तेवढे घड माझ्यात रचले, त्यांत पिकलेली केळी खोचली. उरलेले टोपल्यांत भरून माझ्याशेजारी ठेवले.

केळी पिकू लागली की माझ्या फळ्यांना आतून ऊब जाणवते. ही द्राक्षे गप्प होती. मला शंका आली, पण पेटीला विचारतो कोण?

तिसऱ्या दिवशी बहीण आली. तिने झाकण उचलले, एक मणी तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले.

"काय केलंस हे?"

"एक दिवस थांब. मध होईल त्यांचा."

"केळ्याच्या पोटात पिठूळ साठा असतो. तोडल्यावरही त्याची साखर होते. द्राक्षाला साखर वेल पुरवते, रोज थोडी थोडी. तोडलं की पुरवठा संपला. मग ते नुसतं म्हातारं होतं, गोड होत नाही."

"मला शिकवतेस? तीस वर्षं फळं पिकवतोय मी!"

"केळी पिकवलीस, आणि गमजा सगळ्या फळांच्या मारतोस."

दादाने माझे झाकण धाडकन आपटले.

चौथ्या दिवशी त्याने मुद्दाम गिऱ्हाइकांसमोर मला उघडले. केळी काळी पडली होती. घडांचे देठ तपकिरी झाले होते आणि सुटलेले, सुरकुतलेले मणी तळाशी पडले होते. शेजारच्या म्हाताऱ्या मास्तरीणबाईंनी एक चाखला आणि लगेच रुमालात थुंकला.

"अरे देवा, म्हणजे कोल्हा बिचारा खरंच बोलत होता की रे!"

सगळे हसले. दारात उभी असलेली बहीण हसली नाही.

"पेटीच बिघडलीय!" दादा ओरडला. नाचता येईना, अंगण वाकडे. त्याने मला लाथा मारत मागे अंगणात ढकलले. माझी एक फळी तडकली. मला वाटले, बहीण माझी कड घेईल. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

"लाकडाला कशाला मारतोस? हात तुझे होते," ती म्हणाली. "आजपासून बागेच्या फाटकाला कुलूप असेल. वेलींपाशी दिसलास, तर भाऊ म्हणून ओळख देणार नाही."

दादाने चूक कबूल केली नाही. त्या दिवसापासून दोघांत एक शब्द नाही.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका, आत नेऊ नका. आंबा, पपई, केळी झाडावर नीट भरल्यावर उतरवा; ती घरात पिकतील. द्राक्षे, संत्री, डाळिंबे मात्र झाडावेलींवरच पिकू द्या. आणि काही तोडण्याआधी ज्याने ते वाढवले त्याला विचारा. तो थांब म्हणाला, तर थांबा. थांबवत नसेल, तर केळी खा.